आठवड्याचे दहा तास : महाराष्ट्रातील खासगी विद्यापीठांच्या विश्वस्तांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील खासगी विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये यांच्या विश्वस्त मंडळांचे सर्व सदस्य

सन्माननीय विश्वस्तहो,



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय पदवीशिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून महाराष्ट्रातील खासगी संस्थांच्या माहितीपत्रकांत ‘लिबरल आर्ट्स’ ही संज्ञा ठळक अक्षरांत दिसू लागली आहे, आणि तिच्या जोडीने अमेरिकेतील लहान निवासी महाविद्यालयांचे एक चित्रही पालकांसमोर ठेवले जात आहे. हिरवेगार आवार, मोजक्या विद्यार्थ्यांचे वर्ग, तत्त्वज्ञानाबरोबर संगणकशास्त्र शिकण्याची मोकळीक, नाट्यगट, वादसभा आणि वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या चर्चा हे सारे त्या चित्रात असते. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. कारण त्याच परंपरेतील ज्या शाखेने विद्यार्थ्याचे शुल्क माफ केले आणि शारीरिक व व्यावहारिक श्रम मात्र प्रत्येकाला अनिवार्य केले, ती शाखा या माहितीपत्रकांत कोठेच आढळत नाही. केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज हे त्या शाखेचे सर्वांत जुने व ठळक उदाहरण आहे. त्याच्या विद्यार्थिजीवनाची घडण विश्वस्तांसमोर मांडणे, तिचे नाते साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी उभ्या केलेल्या कार्याशी कसे जुळते हे दाखवणे, आणि महाविद्यालयात श्रमाला स्थान द्यायचे तर तो सर्व विद्यार्थ्यांचा असला पाहिजे, केवळ गरजूंचा असता कामा नये, असा आग्रह धरणे हा या पत्राचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी. लिबरल आर्ट्स महाविद्यालय म्हणजे कोणत्याही एका व्यवसायाची तयारी करून घेण्यापेक्षा भाषा, गणित, निसर्गविज्ञाने, समाजशास्त्रे, इतिहास आणि कला यांचा एकत्रित अभ्यास घडवून विद्यार्थ्याची विचारशक्ती व्यापक करणारी, प्रामुख्याने पदवीपूर्व शिक्षणच देणारी आणि बहुधा निवासी असणारी लहान संस्था. अमेरिकेत विल्यम्स (१७९३), अ‍ॅमहर्स्ट (१८२१) आणि ओबरलिन (१८३३) ही अशा संस्थांची जुनी उदाहरणे होत. त्यांतील ओबरलिनने १८३५ मध्ये कृष्णवर्णीयांना आणि १८३७ मध्ये स्त्रियांना पदवी अभ्यासक्रमाची दारे खुली केली, आणि पुढे बेरियाच्या संस्थापकांनी जो आदर्श समोर ठेवला तो ओबरलिनचाच होता. अशा महाविद्यालयात वर्गाइतकेच वर्गाबाहेरचे सहजीवनही शिक्षणाचा भाग मानले जाते. म्हणूनच त्या सहजीवनात कोण कोणते काम करतो, कोण कोणाला वाढतो आणि कोण कोणाचे ताट उचलतो, हे प्रश्न तेथे केवळ व्यवस्थापनाचे राहत नाहीत, ते शिक्षणाचे प्रश्न होतात.

बेरिया हे गाव केंटकीच्या मॅडिसन परगण्यात, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेले आहे. गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी झटणारे धर्मोपदेशक जॉन ग्रेग फी यांनी १८५५ मध्ये येथे एका खोलीची शाळा सुरू केली आणि तिच्यासाठी जमीन मिळवून देण्यात कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदाराचे साहाय्य झाले. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात ही शाळा सुखाने चालणे शक्यच नव्हते. १८५९ च्या अखेरीस गुलामगिरीच्या सशस्त्र समर्थकांनी फी व त्यांचे सहकारी यांना परगणा सोडण्यास भाग पाडले. यादवी युद्धानंतर ते परतले आणि १८६६-६७ या पहिल्या पूर्ण वर्षात शाळेच्या पटावर १८७ विद्यार्थी होते, त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गौरवर्णीय होते. मुक्त झालेल्या गुलामांची मुले आणि डोंगरातील निर्धन गोऱ्या शेतकऱ्यांची मुले, मुलगे आणि मुली, एका छपराखाली शिकत होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात असे हे पहिलेच महाविद्यालय होते. सारी माणसे एकाच रक्ताची आहेत, हा बायबलमधील विचार संस्थेने ब्रीद म्हणून स्वीकारला आणि संस्थेचा पुढील सर्व इतिहास या ब्रीदाशी इमान राखण्याच्या व त्यापासून ढळण्याच्या ताणातूनच घडत गेला.

तो ताण स्पष्टपणे नोंदवला पाहिजे, कारण आदर्श म्हणून पुढे केलेल्या संस्थेचे दोष झाकले तर आदर्शच संशयास्पद होतो. १८९२ ते १९२० या काळात अध्यक्षपदी असलेले विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी संस्थेचे लक्ष हळूहळू डोंगरी भागातील गोऱ्या विद्यार्थ्यांकडे वळवले आणि पटावरील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटत गेले. त्यानंतर १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने ‘डे कायदा’ संमत केला. कार्ल डे या सदस्याने मांडलेल्या या कायद्याने दोन्ही वर्णांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरवला, आणि राज्यात तसे शिक्षण देणारे महाविद्यालय बेरिया हेच असल्याने तो कोणाविरुद्ध होता हे उघड होते. संस्थेला एक हजार डॉलर दंड झाला. तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, परंतु १९०८ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. स्वतः केंटकीचे असलेले न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी मात्र भिन्नमत नोंदवून, स्वेच्छेने एकत्र शिकणाऱ्यांना राज्याने गुन्हेगार ठरवावे काय, असा मूलभूत प्रश्न उपस्थित केला. पुढे बेरियाने निधी उभारून लुइव्हिलजवळ कृष्णवर्णीयांसाठी ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ ही स्वतंत्र शाळा १९१२ मध्ये सुरू केली, पण बेरियाचे स्वतःचे वर्ग १९५० पर्यंत केवळ गोऱ्यांचे राहिले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होताच बेरियाने पुन्हा दार उघडले. कायद्याच्या एक वर्ष आधी, १९०३ मध्ये, येथून पदवी घेऊन बाहेर पडलेले कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, ज्यातून आजचा इतिहास-मास उभा राहिला. बंद झालेल्या दाराने कोणाकोणाला बाहेर ठेवले असेल, याची कल्पना या एका नावावरून यावी.

आता श्रमाकडे वळता येईल. बेरियात १८९२ पासून शिक्षणशुल्क आकारले जात नाही, आणि बुद्धिमत्ता असूनही महाविद्यालयाचा खर्च पेलू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांनाच तेथे प्रवेश दिला जातो. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या या संस्थेत त्यांतील बहुसंख्य अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ, आर्थिकदृष्ट्या मागास भागातून येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने, तो भौतिकशास्त्राचा असो वा संगीताचा, सत्रकाळात आठवड्याला किमान दहा तास संस्थेने नेमून दिलेले काम करायचे असते आणि या नियमातून पैसे भरून सुटका करून घेता येत नाही. कामाचे माफक वेतन मिळते, जे अनुभव व जबाबदारी यांनुसार वाढत जाते. प्रत्येक कामावर देखरेख करणारा एक मार्गदर्शक असतो आणि कामाचे रीतसर मूल्यमापन होते, इतके की पदवी घेताना विषयांच्या गुणपत्रकाबरोबर श्रमाचेही स्वतंत्र गुणपत्रक विद्यार्थ्याच्या हाती पडते. शिक्षक ज्या गांभीर्याने निबंध तपासतो त्याच गांभीर्याने वेळेवर येणे, हाताखालच्यांना शिकवणे आणि हाती घेतलेले तडीस नेणे हे गुण तेथे तपासले जातात.

कामे कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण विद्यार्थ्यांना दिलेले काम जर केवळ नावापुरते असेल तर त्यातून श्रमाविषयी आदर उत्पन्न न होता उलट तुच्छताच वाढते. बेरियाच्या मालकीचे शेत १८७१ पासून विद्यार्थ्यांच्या श्रमावर चालत आले आहे. तेथे जनावरांची निगा, भाजीपाला आणि पिके यांची जबाबदारी विद्यार्थी सांभाळतात. संस्थेचे ‘बून टॅव्हर्न’ हे १९०९ मध्ये सुरू झालेले हॉटेल आहे, जेथे पाहुण्यांचे स्वागत करण्यापासून टेबलावर जेवण वाढण्यापर्यंतची कामे विद्यार्थी करतात. हातमागावर विणकाम, लाकूडकाम, कुंभारकाम आणि केरसुण्या बांधणे या डोंगरी हस्तकलांच्या कार्यशाळा आहेत, आणि तेथे तयार झालेल्या वस्तू बाजारात विकल्या जातात. याखेरीज ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक विभाग, कार्यालये, वसतिगृहांची देखभाल, लहान मुलांचे संगोपन केंद्र, आसपासच्या गावांतील सेवाकार्य, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गातील विद्यार्थ्यांना अभ्यासात केलेली मदत, हेही श्रमच मानले जाते. आवारातील फेल्प्स स्टोक्स प्रार्थनागृह १९०६ मध्ये बांधून पूर्ण झाले, तेही विद्यार्थ्यांच्या श्रमातून. दीड हजार विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दहा तास म्हणजे आठवड्याला पंधरा हजार तासांचे काम. संस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे त्या काळात विद्यार्थी आतून पाहत असतात.

या श्रमाभोवती जे विद्यार्थिजीवन उभे राहिले आहे ते रूक्ष आहे असा समज होऊ नये. दरवर्षी ऑक्टोबरात ‘माउंटन डे’ असतो; त्या दिवशी वर्ग बंद ठेवून विद्यार्थी व शिक्षक संस्थेच्या वनातील डोंगरावर चढतात आणि वर लोकसंगीत व नृत्य होते. डोंगरी लोकनृत्यांची मंडळी तेथे अनेक दशकांपासून आहे, आणि तिच्या शेजारीच कृष्णवर्णीय संगीतपरंपरा जोपासणारा गायकवृंदही आहे. वसंत ऋतूत श्रमाचा स्वतंत्र उत्सव भरतो, ज्यात त्या वर्षी उत्तम काम केलेल्यांचा जाहीर सत्कार होतो. ‘कॉन्व्होकेशन’ या नावाने होणारी व्याख्याने व मैफली यांना ठरावीक संख्येने उपस्थित राहणे हाही शिक्षणक्रमाचा भाग आहे. लग्न झालेल्या किंवा एकट्याने मूल वाढवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कमी पाण्यात व कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांची एक वसाहत आहे आणि तिच्यालगत त्यांच्या मुलांसाठी बालकेंद्र आहे. आई होताच जिचे शिक्षण संपते अशा तरुणीसाठी ही सोय शिष्यवृत्तीइतकीच मोलाची ठरते. वंश, वर्ग आणि लिंगभाव यांच्या परस्परसंबंधांवर मूलगामी लेखन करणाऱ्या, केंटकीतच जन्मलेल्या बेल हुक्स यांनी २००४ पासून या लहान महाविद्यालयात अध्यापन केले आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन बेरियातच झाले. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत शिकवून आलेल्या विदुषीला हे आवार आपले वाटले, ही गोष्ट त्या आवाराविषयी बरेच सांगून जाते.

बेरियाच्या पद्धतीचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत १९६४ च्या एका कायद्यापासून ‘वर्क-स्टडी’ नावाची केंद्रीय योजना चालू आहे, जिच्याखाली गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयात अर्धवेळ काम देऊन त्यांच्या वेतनाचा काही भाग शासन उचलते. योजना उपकारक आहे, तरीही तिच्यामुळे श्रीमंत महाविद्यालयांच्या भोजनगृहात एक विशिष्ट दृश्य निर्माण होते : काही विद्यार्थी जेवतात आणि काही विद्यार्थी त्यांना वाढतात, आणि कोण कोणत्या घरातून आला आहे हे न विचारताच कळते. बेरियात वाढणारा व जेवणारा यांचे स्थान दर सत्रात बदलू शकते, म्हणून कामावरून माणसाची पत ठरत नाही. सर्वांना लागू असलेले काम हा संस्कार होतो, आणि काहींनाच लागू असलेले तेच काम ही त्यांच्या गरिबीवरची मोहोर होते. दोन्ही व्यवस्थांत हाती खराटा तोच असला तरी त्याचा अर्थ मात्र पूर्णपणे बदललेला असतो.

हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव मिळाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत, एकत्र राहत, पाणी भरत, स्वयंपाक करत आणि शेतात राबत. अस्पृश्यतेच्या त्या काळात सर्वांनी मिळून चूल पेटवणे ही स्वयंपाकाची सोय तर होतीच, पण त्याहून अधिक ती सामाजिक क्रांतीची रोजची कृती होती. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडायला दिले. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद होते, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व शाळेकडून महाविद्यालयाकडे गेले. बेरिया व सातारा यांनी एकमेकांचे अनुकरण केले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु जन्मावरून माणसे विभागणाऱ्या दोन समाजांत, एकत्र शिकणे, एकत्र जेवणे आणि एकत्र राबणे या तीन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, या एकाच निष्कर्षावर दोन्ही ठिकाणचे शिक्षक स्वतंत्रपणे आले.

आज ‘कमवा व शिका’ योजना महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत कर्मवीरांच्या नावाने चालते आणि ग्रामीण भागातून शहरात आलेल्या हजारो मुलामुलींच्या मेसचे व खोलीभाड्याचे पैसे तिच्यामुळे निघतात. तिच्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. तथापि प्रवासात तिचे रूप पालटले आहे. शाहू बोर्डिंगमध्ये जो श्रम सर्वांचा सहजीवनाचा नियम होता, तो आता उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करणाऱ्या गरजूंसाठीची सवलत झाला आहे. बागेला पाणी घालणारा किंवा ग्रंथालयात पुस्तके लावणारा विद्यार्थी आपल्याच वर्गमित्रांच्या नजरेत ‘योजनेतला’ ठरतो. ज्या समाजात झाडलोट, मैला, चामडे, कुंभारकाम, न्हावीकाम यांपैकी प्रत्येक काम एकेका जातीच्या माथी मारले गेले, त्या समाजात ही नजर निरुपद्रवी नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच श्रेणीबद्ध कप्प्यांत कोंडते. महाविद्यालयाने या कप्प्यांवर व्याख्याने ठेवली, परंतु आपल्या आवारात तेच कप्पे तसेच राहू दिले, तर विद्यार्थी व्याख्यान विसरतात आणि आवार लक्षात ठेवतात. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा आग्रहही हाच होता की हाताचे काम शिक्षणाच्या बाहेर न राहता त्याच्या केंद्रस्थानी यावे.

बेरियाचे उदाहरण येथे लागू पडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारार्ह आहे. बेरियात सर्वच विद्यार्थी अल्प उत्पन्नाच्या घरांतले असतात, म्हणून तेथील समता ही समदुःखितांची समता आहे. लाखो रुपये शुल्क भरणाऱ्या पालकांच्या मुलांना ती कशी लावता येईल, असे विश्वस्तांना वाटू शकते. याचे उत्तर अमेरिकेतच आणखी एका लहान महाविद्यालयाने दिले आहे. कॅलिफोर्नियाच्या एका दुर्गम वाळवंटी खोऱ्यात विद्युत उद्योजक एल. एल. नन यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या ‘डीप स्प्रिंग्स’ येथे सुमारे पंचवीस-तीस विद्यार्थी दोन वर्षे राहतात. प्रवेश घरच्या उत्पन्नावर अवलंबून नसतो, शुल्क कोणालाच नसते, आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान वीस तास गुराढोरांची निगा, चाऱ्याची शेती, स्वयंपाक किंवा दुरुस्ती यांपैकी काम करावे लागते. नव्या विद्यार्थ्यांची निवड आणि अध्यापकांची नेमणूक यांतही विद्यार्थ्यांच्या समित्यांना निर्णायक आवाज असतो. तेथे सधन घरातला मुलगा पहाटे गाई पिळतो आणि दुपारी ग्रीक तत्त्वज्ञानावर वाद घालतो, आणि दोन्हींत कमीपणा मानत नाही. २०१८ पासून या संस्थेने विद्यार्थिनींनाही प्रवेश दिला. जेथे श्रीमंत व गरीब एकत्र शिकतात तेथे सर्वांना समान श्रमाची गरज अधिकच आहे, कारण तेथेच वाढणारे व जेवणारे अशी फाळणी होण्याचा धोका सर्वाधिक असतो.

दुसरा आक्षेप असा की कामामुळे अभ्यास मागे पडतो. दहा तास म्हणजे आठवड्यातील सुमारे सव्वा कार्यदिवस, ही किंमत लहान नाही, आणि प्रयोगशाळेतील लांब तासिका असलेल्या विद्यार्थ्याला ती जड जाते हे खरे आहे. परंतु १९३७ मध्ये बेरियातून पदवी घेतलेले जॉन फेन यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९४२ च्या पदवीधर वानिटा क्रेप्स या अर्थशास्त्रज्ञ होऊन १९७७ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला वाणिज्यमंत्री झाल्या. अपवादांवरून नियम सिद्ध होत नसला तरी कामाने बुद्धी खुंटते ही समजूत खोडून काढण्यास ही उदाहरणे पुरेशी आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : विद्यार्थ्यांच्या श्रमाच्या नावाखाली संस्था स्वस्त मजूर मिळवतील आणि शिपाई, माळी, सफाई कर्मचारी यांच्या नोकऱ्या जातील. ही भीती निराधार नाही, कारण जेथे कायम पदे भरण्याऐवजी कंत्राटी माणसे नेमली जातात तेथे विद्यार्थी हे कंत्राटदारापेक्षाही स्वस्त ठरू शकतात. म्हणून श्रमयोजना ही खर्चकपातीची योजना असता कामा नये. बेरियात मार्गदर्शक म्हणून काम करणारे कायम कर्मचारी विद्यार्थ्यांचे शिक्षकच समजले जातात. आपल्याकडे ज्या माळीकाकांनी किंवा स्वयंपाकघरातील मावशींनी तीस वर्षे संस्था सांभाळली, त्यांना याच धर्तीवर मार्गदर्शकाचा दर्जा, सन्मान आणि वेतनवाढ मिळाली, तर योजना त्यांच्या विरुद्ध न जाता त्यांच्या बाजूने उभी राहील.

उरतो पैशाचा प्रश्न. बेरियात शुल्क नसते, ते केवळ विद्यार्थ्यांच्या श्रमामुळे नव्हे. दहा तासांच्या कामातून महाविद्यालयाचा खर्च भागत नाही. शुल्काची जागा घेतो तो कायम निधी, म्हणजे मुद्दल सुरक्षित राखून ज्याच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्साच दरवर्षी खर्च करायचा असतो असा साठा. बेरियाच्या विश्वस्तांनी १९२० मध्ये असा नियम केला की मृत्युपत्राद्वारे मिळणारी प्रत्येक विनाअट देणगी, म्हणजे देणाऱ्याने ज्या रकमेच्या विनियोगावर बंधन घातलेले नाही अशी रक्कम, इमारतींवर किंवा चालू खर्चावर न उधळता या निधीतच जमा करायची. शंभर वर्षांच्या या शिस्तीमुळे एका लहान गावातील महाविद्यालयाचा निधी आज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. इतका मोठा निधी आणि इतके थोडे विद्यार्थी यामुळे २०१७ मध्ये अमेरिकी संसदेने श्रीमंत महाविद्यालयांच्या गुंतवणूक-उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला तेव्हा गरिबांना विनाशुल्क शिकवणारे बेरियाही त्यात ओढले गेले. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो कर शुल्क भरणारे किमान पाचशे विद्यार्थी असलेल्या संस्थांपुरता मर्यादित करण्यात आला आणि बेरियाची सुटका झाली. या प्रसंगातून विश्वस्तांनी घ्यावयाचा बोध असा की निधी किती आहे यापेक्षा तो कोणासाठी वापरला जातो हा प्रश्न समाज विचारतो, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

या विवेचनावरून विश्वस्त मंडळांना पाच विनंत्या करणे योग्य होईल. पहिली, येत्या शैक्षणिक वर्षापासून निदान पदवीच्या पहिल्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याच्या कुटुंबाचे उत्पन्न कितीही असो, संस्थेच्या दैनंदिन चालण्यास आवश्यक असे काम आठवड्याला काही निश्चित तास द्यावे, आणि पैसे भरून सूट मिळण्याची वाट ठेवू नये; ज्यांना शारीरिक अडचण आहे त्यांना त्यांच्या क्षमतेनुसार काम द्यावे, पण कामातून वगळू नये. दुसरी, कामाचे वाटप दर सत्रात फिरते ठेवावे, जेणेकरून स्वयंपाकघर मुलींच्या आणि झाडलोट विशिष्ट घरांतील मुलांच्या वाट्याला जाणार नाही. तिसरी, या कामाचे मूल्यमापन व्हावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कार्यस्थळ प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांसाठी जे श्रेयांक, म्हणजे ठरावीक तासांच्या अभ्यासाला दिले जाणारे मूल्य, आता अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्यात या श्रमाला स्थान मिळू शकते, आणि मग कागदोपत्री प्रमाणपत्रे गोळा करण्याच्या धावपळीऐवजी विद्यार्थ्याला स्वतःच्या आवारातच खरी जबाबदारी मिळेल. चौथी, कोणत्याही कायम कर्मचाऱ्याचे पद या योजनेमुळे कमी करणार नाही, असा ठराव करून तो जाहीर करावा. पाचवी, बेरियाच्या १९२० च्या नियमाप्रमाणे विनाअट देणग्यांचा निश्चित भाग कायम निधीत टाकण्यास आरंभ करावा आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी किती विद्यार्थी विनाशुल्क शिकले, हा आकडा वार्षिक अहवालात प्रसिद्ध करावा.

या पाचांपैकी पहिली विनंती मान्य करायला कोणताही निधी लागत नाही, शासनाची परवानगी लागत नाही आणि नवी इमारत लागत नाही. लागतो तो फक्त विश्वस्तांचा निर्धार, आणि पालकांच्या तक्रारी आल्यानंतरही तो टिकवण्याची तयारी. माझ्या मुलाने फरशी पुसण्यासाठी इतके शुल्क भरलेले नाही, असे एखादे पालक निश्चितच म्हणतील. त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगावे लागेल की ती फरशी आजवर ज्यांनी पुसली त्यांचीही मुले याच महाविद्यालयात शिकावीत, आणि ती शिकतील तेव्हा त्यांनी मान खाली घालू नये, यासाठीच हा नियम आहे. बेरियाने दोन वर्णांना एका बाकावर बसवण्यासाठी दंड भरला आणि न्यायालयाची पायरी चढली. साताऱ्यात एका पंगतीसाठी घरातले सोने गेले. त्या तुलनेत आजच्या विश्वस्तांकडे मागितलेली किंमत अगदी थोडी आहे, आणि ती देण्याइतकी साधनसंपत्ती त्यांच्यापाशी निःसंशय आहे. पुढील माहितीपत्रकात लिबरल आर्ट्स या शब्दांच्या लगतच ‘येथे प्रत्येक विद्यार्थी काम करतो’ हे वाक्य छापले जावे आणि ते खरे असावे, अशी अपेक्षा व्यक्त करून हे पत्र आपल्या विचारार्थ सादर करण्यात येत आहे.

कळावे,

उच्च शिक्षणाचा एक अभ्यासक